किसन मिस्त्रीचा पाव्हणा

धोंड्याच्या महिन्यात जावई म्हणून पिंपळगाव राजाला जेवायला गेलो आणि सासऱ्यांच्या पिठाच्या गिरणीच्या इंजिनाचा बोल्ट तोडून बसलो.

मला कुणी सांगितलं नव्हतं. दुपारी गिरणी बंद होती, इंजिनाच्या हेडाखालून, म्हणजे वरच्या झाकणाखालून, तेल पाझरताना दिसलं, आणि मी चिखलीच्या शाळेत विज्ञान शिकवतो. पान्ह्याला लांब नळी लावली की जोर वाढतो, हा धडा मी मुलांना दरवर्षी देतो. तशी नळी लावून बोल्ट आवळायला घेतला. जोर वाढला. कट् आवाज झाला. बोल्टाचं डोकं माझ्या हातात आलं, धड आत ब्लॉकमध्ये राहिलं. मी डोकं पुन्हा जागेवर ठेवलं, फडक्यानं पुसलं आणि अनारसे खायला जाऊन बसलो.

सकाळी सासरे गरजले, "कोनं हात लावला बे याले?" सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. सर्वांत जोरात मी.

मग किसन मिस्त्रीला बोलावणं गेलं. हा म्हातारा भर उन्हाळ्यात कानटोपी घाली, मोडलेल्या बोल्टाला 'पाव्हणा' म्हणे आणि पाव्हणा उठल्याशिवाय चहा घेत नसे. शिवाय घरातल्या प्रत्येकाचे तळहात तपासल्याशिवाय हत्यार उचलायचं नाही, असा त्याचा नेम होता.

"आस्ते कदम. हात दाखवा."

तो हात बघत नसे, अंगठ्यानं चाचपी. सासऱ्यांचा झाला, मेहुण्याचा झाला. माझ्या खडूनं मऊ झालेल्या तळहातावर टपोरा ताजा फोड होता. अंगठा तिथं थांबला. दारात दळणाच्या डब्यांसकट दहा बाया उभ्या.

"हे मास्तर बसतीन माह्यापाशी," मिस्त्री म्हणाला. "बाकीचे निंगा."

दार लागलं. त्यानं बोल्टाच्या उरलेल्या थोटकावर खूण पाडायचा टोकदार पंच टेकवला, हातोडी उचलली आणि हळूच विचारलं, "बराबर मधात हाय का?"

"तुम्हीच बघा ना."

"दिसलं असतं त तुमाले काऊन इचारलं असतं?" आवाज आणखी खाली आला. "दोन वर्सं झाले. तुमचं मी सांगत नाही, माहं तुमी सांगू नका."

खूण जरा सरकली तर ड्रिल आटे खाणार, ब्लॉक बाद, गिरणी बंद. आणि बोल्टाचा मध्य दाखवणार कोण? तर फळ्यावर ज्याचं वर्तुळ कधी वर्तुळ झालं नाही, तो मी.

"जरा डावीकडे."

"जरा म्हंजे? ज्वारी का तीळ?"

"तीळ."

"आता?"

"आता... थांबा. हं."

ठक्. माझे डोळे मिटले. मिस्त्री म्हणाला, "डोये उघडे ठेवा, मास्तर. दोघायचं काम तुमच्याच डोयांवर हाय."

हातड्रिल फिरू लागलं. मी पापणी न हलवता बसलो, घाम डोळ्यांत गेला तरी. भोक पडल्यावर त्यानं चौकोनी पोलादी सळई ठोकून बसवली, पान्हा लावला आणि उलटा जोर दिला. काही हलेना. "आस्ते कदम. लई पाहुणचार झाला, पाव्हणे. उठा." कर्रर्र झालं. मला वाटलं, ब्लॉक गेला. पण पाव्हणा उठला होता. मिस्त्रीनं भोकात करंगळी घातली आणि तान्ह्या पोराच्या हिरडीत दात शोधावा तशी ती आट्यांवरून फिरवली. "शाबूत हायेत," तो म्हणाला आणि कानटोपीनं डोळे पुसले. बाहेर जाऊन त्यानं सांगितलं, "बोल्टाले आतून जुना तडा होता."

दुसऱ्या दिवशी सासरे मोटारीपर्यंत पोचवायला आले. मी म्हणालो, "जुना तडा होता, वेळेवर कळलं हे बरं झालं."

"बोल्ट मी मागच्याच महिन्यात नवा बसवला व्हता, जावईबापू."

मी चपलेकडे बघू लागलो.

"अन् मिस्त्रीले दिसत नाही, हे साऱ्या गावाले ठाऊक हाय. तोडनारा कोनापाशी तोंड उघडत नाही, म्हून त्यालेच धरून बसवते. आमी बी काही म्हनत नाही. बायको गेली, पोरगी सासरी नांदते. काम बी गेलं त मानूस दिवसभर बोलन कोनासंगं? भित्तीसंगं?"

मी म्हणालो, "पण मामाजी, दिसत नसताना त्याच्या हाती इंजिन द्यायचं... भीती नाही वाटत?"

"त्याचं काऊन भेव वाटन? त्यानं तुमाले आत बसवलं, तवा देव पान्यात ठेवले मी."