दुसऱ्या पिंजऱ्यातले उंदीर

१९८९ साली अमळनेरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचं छप्पर उतरवलं, तेव्हा प्राणिशास्त्राच्या पितांबर सरांनी पांढऱ्या उंदरांचे दोन पिंजरे घरी आणून ओट्यावर ठेवले. पीएच.डी.चं शेवटचं वर्ष होतं. रत्नागिरीहून आणलेलं तपकिरी समुद्रशेवाळ उकळून त्यांनी त्यातून चिमूटचिमूट पूड काढली होती. साखरेच्या कणाला कण जोडून झालेली लांबच लांब साखळी, तिला जागोजागी गंधक लटकलेलं. ती पोटात गेली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंवर जास्त तुटून पडतात, हे त्यांना दाखवायचं होतं. म्हणून एका पिंजऱ्याला पूड घातलेल्या कणकेच्या गोळ्या, दुसऱ्याला साध्या.

तेवढ्यात धुळ्याला तीन आठवड्यांचं प्रशिक्षण निघालं. सरांनी गोळ्यांचे दोन्ही डबे आईला, ताईबाईंना, नीट समजावून दिले आणि एसटी पकडली.

परतल्यावर त्यांनी तपासणी केली. शंभर पेशींपैकी यीस्टचे कण गिळणाऱ्या किती? पहिल्या पिंजऱ्यात साठ. दुसऱ्यातही साठ. सरांनी तीनदा मोजलं. दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. शेवाळात दम नाही, असं पत्र त्यांनी मार्गदर्शकांना लिहिलं आणि उरलेली पूड उकिरड्यावर टाकायला निघाले.

"फेकू नको रे भाऊ," ताईबाई म्हणाल्या. "दोन्हीकडलासले आवडस ती."

"दोन्हीकडच्यांना?"

"मंग? एकले देवानं अन दुसराले नुसतं दखाडानं? त्या जाळीले नाक लाईसन दखेत. मी बठ्ठासले सारखं वाटं."

दुसऱ्या पिंजऱ्यातले जाळीला नाक लावून बघत राहतात, म्हणून आईने पुडीच्या गोळ्या सगळ्यांना सारख्या वाटल्या होत्या. सायकलवर तडक कॉलेजात गेले. तिथे नव्या छपराखाली पूड कधी न चाखलेले उंदीर होते. त्यांच्यात गिळणाऱ्या पेशी भरल्या एकतीस. शेवाळात दम होता. खिशातलं पत्र त्यांनी तिथेच फाडलं आणि दुसऱ्या दिवशी आईला घेऊन आले.

ताईबाईंनी चष्मा काढून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. रक्ताच्या थेंबातली एक पेशी हळूच पसरली, शेजारच्या कणाला तिने कवेत घेतलं. असल्या लाखो आपल्याही अंगात राबतात, कुणी न सांगता, असं सरांनी सांगितलं. ताईबाई बघतच राहिल्या.

तासाची घंटा झाली. मुलं दाराशी येऊन थांबली. सरांनी आईला हलकेच उठायला सांगितलं.

"थांब जरा," डोळा न काढता त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तिनं जेवण व्हई जाऊ दे."