मागील आसनाऐवजी कुबड

जी वस्तू नीट चालू असते तिच्यातच सुधारणेला खरा वाव असतो. बिघडलेली वस्तू नुसती दुरुस्त होते. सुधारायची म्हटली तर ती आधी धडधाकट हवी. मानवाची आजवरची सगळी प्रगती या एका तत्त्वावर उभी आहे, आणि जिथे ती आडवी झाली तिथेही कारण हेच आहे.

नामंजूर यांची मोटरसायकल एकोणीस वर्षं नीट चालू होती. एका किकमध्ये सुरू होई, ब्रेक दाबला की थांबे. (अशा वाहनाबद्दल कोणी चार ओळी लिहिल्याचं ऐकिवात नाही.) रोज सकाळी पुढे नामंजूर आणि मागे भूगोलाच्या वह्यांचा गठ्ठा मांडीवर घेतलेली त्यांची पत्नी, अशी स्वारी निघे. पत्नीला शाळेच्या फाटकाशी उतरवून नामंजूर पुढे वाहन तपासणी कार्यालयात जात आणि संध्याकाळपर्यंत लोकांच्या गाड्या नापास करत.

नामंजूर हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते त्यांनी बावीस वर्षं खिडकी क्रमांक चारमागे बसून, स्वकष्टाने मिळवलं होतं. कारखान्यातून निघालेल्या गाडीत मालकाने एक बोल्ट इकडचा तिकडे केला तरी त्यांना तो लांबून दिसे. ("मी नवं कानातलं घातलं तर महिनाभर दिसत नाही," पत्नी म्हणे. कानातलं हा वाहनाचा भाग नसल्यामुळे ही तक्रार दाखल करून घेण्यात आली नाही.) गेल्या वर्षी त्यांच्यासमोर फेरफार केलेल्या वाहनांचे एक हजार एकशे चाळीस अर्ज आले. त्यांपैकी एक मंजूर झाला. तो वीजजोडणीचा होता आणि चुकून या खिडकीवर आला होता.

अशा माणसासमोर एका मंगळवारी एक दंतवैद्य बाई कॅफे रेसर घेऊन उभ्या राहिल्या.

कॅफे रेसर म्हणजे एका कॅफेतून दुसऱ्या कॅफेत वाऱ्यासारखं पोचण्यासाठी सडसडीत केलेली मोटरसायकल. पहिल्या कॅफेतली कॉफी काय वाईट होती, हा प्रश्न या क्षेत्रात विचारत नाहीत. गाडीवरून अनावश्यक ते सगळं उतरवायचं: मडगार्ड, बाजूचे डबे, मोठे आरसे आणि मागे बसणारा माणूस. हँडल इतकं खाली आणायचं की चालक टाकीवर पालथा पडावा. आणि मागच्या आसनाच्या जागी एक गोल, गोंडस कुबड बसवायचं. कुबडाचा उपयोग अद्याप कळलेला नाही; संशोधन चालू आहे.

नामंजूर यांनी नापास करण्याची कारणं लिहायला घेतली. प्रत्येक कारणासाठी वाकून बघावं लागे. चौथ्या कारणापर्यंत ते कर्तव्य होतं. सातव्याला आपण शीळ घालतोय हे त्यांच्या लक्षात आलं. दहा कारणं झाली, तपासायचं काही उरलं नाही, पण पाय निघेना. म्हणून त्यांनी अकरावं कारण लिहिलं, "टाकीचा हिरवा रंग अकारण सुंदर," आणि त्यावर शिक्का मारला.

त्या संध्याकाळी घरी पोचल्यावर त्यांनी बूटही न काढता आपल्या मोटरसायकलीचं मागचं आसन काढलं.

"अहो, मग मी कुठे बसू?" पत्नीने विचारलं.

"तात्पुरतं काढलंय."

"आणि कायमचं काय येणार?"

"कुबड."

पत्नीने काढलेलं आसन उचलून भिंतीशी ठेवलं. "म्हणजे माझ्या जागी कुबड. चालेल. निदान ते तुमच्या मागे बसून गप्प तरी राहील, मला जमत नव्हतं." दुसऱ्या दिवसापासून ती बसने जाऊ लागली. जाताना नामंजूर यांच्याकडे तिने पाहिलं नाही. पण बोल्ट दिसणाऱ्या माणसाला असलं काही दिसत नाही, हे वर आलंच आहे.

पुढचे चार महिने घराने सुधारणेला संपूर्ण सहकार्य केलं. इंजिन जेवणाच्या टेबलावर व्यवस्थित मावलं. मग जेवणारे मावेनात, ते उभ्याने जेवू लागले. (उभ्याने जेवल्यास पचन सुधारतं, असं नामंजूर यांनी घास गिळता गिळता सांगितलं.) कार्बोरेटर दुधाच्या पातेल्यात उकळला. साखळी कपड्यांच्या बादलीत भिजत पडली, आणि घरातल्या सगळ्या पांढऱ्या कपड्यांना एक भारदस्त करडेपणा आला. टाकी न्हाणीघरात रंगवली. रंग वाळेपर्यंत, म्हणजे आठवडाभर, कुटुंबाने आंघोळीऐवजी संयम पाळला. एकूण दोनशे चौदा भाग उतरले. गाडीचं वजन बेचाळीस किलोंनी घटलं. त्याच काळात नामंजूर यांचं सहा किलोंनी वाढलं, पण तो भाग कारखान्याचा नसल्याने धरलेला नाही.

नामंजूर यांच्या आईचा उत्साह तर विचारू नका. तिने हयातभर पडदे शिवले होते आणि पडद्याला वेग नसतो, ही सल तिला होती. तिने आसन शिवायला घेतलं, कुबडात स्वतःच्या उशीचा कापूस भरला आणि तयार कुबड मांडीवर घेऊन थोपटत बसली.

"जरा डावीकडे झुकलंय रे," ती म्हणाली.

"राहू दे आई."

"राहू दे तर काय. तुझे बाबाही झुकलेलेच होते. संसार झालाच की."

गाडीचा मागचा सांगाडा कापायला वेल्डर आला. त्याच्या स्वतःच्या टेम्पोला नामंजूर यांनी तीनदा नापास केलेलं होतं. "साहेब, एकदा कापलं की कापलं बरं का," त्याने बजावलं. नामंजूर यांनी डोळे मिटून मान हलवली. वेल्डरने इतक्या मनापासून कापलं की ठिणग्या शेजारच्या गॅलरीपर्यंत गेल्या. कामाचे पैसे घ्यायलाही तो तयार होईना. "समाधान मिळालं," एवढंच म्हणाला.

आणि एका शुक्रवारी सकाळी गाडी उभी राहिली.

आता नियम. फेरफार केलेलं वाहन सात दिवसांच्या आत तपासणीला आणलं पाहिजे. हा नियम सगळ्या शहरात एकाच माणसाला तोंडपाठ होता आणि तो आज आरशासमोर हेल्मेट घालून उभा होता. शिक्क्याच्या खणाची किल्ली त्याच्या खिशात होती. खण उघडायचा, शिक्का मारायचा, संपलं. कोण विचारणार होतं? नामंजूर यांनी किल्ली हातात घेतली. मग त्यांनी किल्ली आईच्या शिवणाच्या डब्यात टाकली, एक दिवसाची रजा लिहिली आणि किक मारली.

घरापासून कार्यालय तीन किलोमीटर. त्या दिवशी ते अकरा भरलं, कारण नामंजूर यांना वळणं सोडवेनात. पोट टाकीवर, हनुवटी दिव्यावर, गुडघे कोपरांत. पहिल्या उतारावर त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. पोलिसाने वळून पाहिलं, कुत्र्याने वळून पाहिलं. दुसऱ्या उतारावर त्यांना कळलं की हा आवाज म्हणजे आपलं हसणं. एक्कावन्न वर्षांचा माणूस हेल्मेटच्या आत खो खो हसत चाललाय आणि त्याला थांबता येत नाहीये, असं दृश्य ते होतं. हसण्याने काच धुकट झाली. त्यांनी ती पुसली आणि तोच उतार पुन्हा घेतला.

खिडकी क्रमांक चारची रांग, गाड्यांसकट, जिन्यापर्यंत होती. नामंजूर यांनी हेल्मेट काढलं नाही. पुढे त्याच दंतवैद्य बाई उभ्या होत्या.

"पहिलीच वेळ का काका?" त्यांनी विचारलं.

"हो."

"माझी चौथी. घाबरू नका, आज तो नामंजूर रजेवर आहे म्हणे. आपलं नशीब." त्यांनी आवाज खाली आणला. "आणि पुढच्या वेळी दुपारच्या जेवणानंतर यायचं. तेव्हा तो पेंगतो."

"पेंगत नाही तो," नामंजूर हेल्मेटमधून म्हणाले. "डोळे मिटून विचार करतो."

रांगेतले सहा जण हसले. नामंजूर यांनाही हसावं लागलं, कारण हेल्मेटवाल्याने गप्प राहणं संशयास्पद दिसलं असतं.

खिडकीवर कनिष्ठ तपासनीस होती. पाच वर्षांपूर्वी तिला हाताला धरून नामंजूर यांनीच शिकवलं होतं: समोर बाप उभा असला तरी आधी चेसिस नंबर बघायचा. तिने दंतवैद्य बाईंची दहा कारणं तपासली. दहाही दुरुस्त झाली होती. अकराव्यापाशी ती थांबली, नियमपुस्तिका दोनदा चाळली आणि म्हणाली, "अकारण सुंदर असण्याविरुद्ध नियम नाही." तिने ते खोडलं आणि गाडी पास केली. बाईंनी आनंदाच्या भरात मागच्या काकांच्या हेल्मेटवर थाप मारली.

मग काकांनी हेल्मेट काढलं. रांग दोन पायऱ्या मागे सरकली.

"सर?" कनिष्ठ तपासनीस म्हणाली.

"चेसिस नंबर," नामंजूर म्हणाले.

तिने गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या. लिहिताना तिचा हात थांबत नव्हता. शेवटी तिने कागद पुढे केला. तेवीस दोष. सातवा असा: "मागील आसनाऐवजी कुबड, तेही डावीकडे झुकलेलं."

नामंजूर यांनी कागद वाचला. वरून खाली, मग खालून वर, पुन्हा वाचला.

"एक राहिला," ते म्हणाले. "मागची नंबरपाटी वाकडी आहे. चार अंश."

"सर, तो सोडून दिला होता."

"सोडायचं नाही."

तिने चोविसावा दोष लिहिला. खाली तिचा स्वतःचा शिक्का बसला: नामंजूर. तीस दिवसांत वाहन पूर्ववत करावं. गाडी ढकलत जिन्याशेजारच्या उताराने खाली नेताना रांगेतल्या सगळ्यांनी हात लावला. टाळ्याही वाजल्या, त्या कशासाठी हे वाजवणाऱ्यांनाही सांगता आलं नसतं.

नोटीस घरी पत्नीने वाचली. सातव्या दोषाशी ती बराच वेळ थांबली. "ही मुलगी पुढे जाणार," ती म्हणाली, आणि तिने चार महिन्यांत प्रथमच नामंजूर यांच्याकडे नीट पाहिलं. तेही तिच्याकडे पाहत होते.

"हे कानातलं नवीन आहे का?" त्यांनी विचारलं.

"दिवाळं निघालं तुमच्या नजरेचं. दोन वर्षं झाली." पण ती हसत होती.

एकोणतिसाव्या दिवशी मडगार्ड, आरसे, डबे, आसन, सगळं परत जागेवर आलं. वेल्डरनेच सांगाडा जोडून दिला. या वेळी मात्र त्याने पैसे घेतले. तिसाव्या दिवशी सकाळी पत्नी वह्यांचा गठ्ठा घेऊन मागे बसली. नामंजूर यांनी मुद्दाम लांबचा रस्ता घेतला. उतार लागला, गाडी जरा पळाली आणि मागून आवाज आला, "एवढंच? मला वाटलं काय ते सुख असेल. घ्या की जोरात!"

नामंजूर यांनी घेतली. वह्यांमधली एक उडाली. ती कोणाची होती हे शाळेने अद्याप शोधलेलं नाही.

आता वाचकांविषयी. खिडकीशी गोष्ट आली तेव्हा तुम्ही मनातल्या मनात म्हणालात, "अगं बाई, घरचा माणूस आहे, मार की एक शिक्का." कार्यालयाच्या पाहणीनुसार शंभरातले त्र्याण्णव वाचक असंच म्हणतात. हेच त्र्याण्णव जण "या देशात नियम कोणी पाळत नाही" असंही म्हणतात, बहुधा त्याच दिवशी. उरलेले सात काहीच म्हणाले नाहीत, कारण ते रांगेत नव्हतेच. मागच्या दाराने येऊन आत साहेबांबरोबर चहा घेत होते. आपण कोणत्या गटात आहोत याबद्दल कोणाला हरकत नोंदवायची असेल, तर खिडकी क्रमांक चार उघडी आहे. कोणाची ओळख सांगू नये. रांगेनं यावं.