दगडाची खरी प्रत

दसऱ्याच्या आदल्या सोमवारी काचीगुड्याच्या बसथांब्याजवळचा इतिहास कोरलेला दगड उपटला गेला. जबाबदार : पदपथाचा ठेकेदार. दिवाळीनंतरच्या पहिल्या शुक्रवारी दगड 'सापडत नाही' असे तोंडी सांगण्यात आले. जबाबदार : महापालिकेच्या गुदामाचे कारकून, ज्यांनी तेच लेखी देण्यास नकार दिला. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी याबाबतचे माझे सातवे पत्र 'मिळालेच नाही' असे कळले. जबाबदार : आवक विभाग, ज्याच्या शिक्क्याची पोच माझ्यापाशी आहे. आणि दगड गेल्याच्या दुसऱ्याच सकाळपासून त्या जागी एक जिवंत माणूस उभा राहू लागला. याला जबाबदार : माणिकराव बिरादार, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार तारनाका, मुलाच्या घरी.

रोज सकाळी आठ ते दहा. पांढरे धोतर, काळी टोपी, काखेत छत्री. दोन फूट लांब, दीड फूट रुंद एवढ्याच जागेत. थांब्यावरचे बाक रिकामे असले तरी ते बसत नसत. मी एकदा बसा म्हणालो.

"शिरस्तेदारसाहेब, दगड कधी बसलेला बघितलाय का?"

शिरस्तेदार मीच. कोर्टात नकला मुळाशी ताडून त्यांवर 'खरी प्रत' असा शिक्का मारण्यात माझा जन्म गेला. कानामात्रा चुकलेली नकल मी परत करीत असे. म्हणून कोणी मला प्रेमाने बोलावत नसे, हेही येथे नमूद करतो.

थांब्यावर कोणी आले की माणिकराव घसा खाकरत. "चार ओळी आहेत. ऐकून जावा." मग छाती पुढे काढून ते दगड म्हणत :

"या जागी मराठवाड्याहून शिकावयास आलेल्या मुलांची विहीर होती. ती मुलांनी स्वहस्ते खोदिली. तिचे पाणी सर्व जातींच्या माणसांस खुले होते. वाटसरूने पाणी प्यावे, आपले गाव सांगून जावे."

यानंतर क्षणभर थांबून, "तर मग, कोण्या गावचे म्हणायचे आपण?"

मराठी न कळणाऱ्यांना ते हेच आपल्या दख्खनी उर्दूत सांगत. लोकही सांगत. कोणी निलंगा म्हणे, कोणी करीमनगर. मग तिकडे पाऊस कसा आहे, तूर कशी आहे, शाळा कितवीपर्यंत आहे, अशा चौकशा होत. एका बाईंची बस यात निघून गेली. त्या रागावल्या, आणि पुढची बस येईपर्यंत माहेरचे गावही सांगून बसल्या.

दिलसुखनगरच्या एका शिकवणीवर्गाचा माणूस त्यांच्या छातीवर जाहिरात चिकटवू लागला, तेव्हा ते गरजले, "ऐतिहासिक फलकावर जाहिरात लावायला मनाई हाय!" एक रिक्षावाला म्हणाला, "चाचा, जरा हटो ना."

"मी हटणार न्हाई. मला हटवायचं तर नोटीस काढावी लागते."

"अरे, पत्थर बाताँ कर रा भाई!" तो ओरडला. सारा थांबा हसला. माणिकराव हसले नाहीत. दगड हसत नाही.

मला मात्र हसण्याचे कारण नव्हते. त्या विहिरीचे पाणी माझे वडील प्याले होते. आमच्या गावच्या विहिरीवर त्यांना ती मुभा नव्हती. तिसरी ओळ रस्त्यावरून नाहीशी होणे हे माझ्या दृष्टीने किरकोळ नव्हे.

अखेर होळीनंतर महापालिकेचे कार्यालय नमले. नवा दगड बसवू, परंतु मूळ मजकुराची साक्षांकित प्रत आणा, असे कळविले. मी माणिकरावांच्या तोंडून चारही ओळी उतरवून घेतल्या, शपथपत्र तयार केले, आणि सवयीप्रमाणे मूळ शोधू लागलो. तारनाक्याच्या एका निवृत्त शिक्षिकेच्या लग्नाच्या आल्बममध्ये ते सापडले. वऱ्हाडी मंडळी दगडाशेजारी उभी होती. अक्षरे भिंगाखाली स्वच्छ वाचता येत होती.

ओळी तीन होत्या. त्यांच्याखाली नुसता दगड.

मी तडक थांब्यावर गेलो आणि छायाचित्र त्यांच्यापुढे धरले. "चौथी ओळ कोणाची, माणिकराव?"

त्यांनी छायाचित्र बराच वेळ पाहिले. छत्री एका काखेतून दुसऱ्या काखेत गेली.

"माझी," ते म्हणाले. "आमची ही वारल्यावर बसवली. मी आधी नुसता दगडापाशी येऊन वाचायचो हो, मोठ्यानं. घरी मराठी बोलायला कोण हाय? सून चांगली हाय, येळेवर ताट वाढती. पण तिला माझं कळत न्हाई, मला तिचं. नातीला मराठी अक्षर लागत न्हाई. इथं तीन ओळी वाचल्या की लोक मान हलवून जायचे. गाव विचारलं की माणूस थांबतो." मग मलाच धीर दिल्यासारखे म्हणाले, "खोडा ती. शपथेवर खोटं नको. माझ्यापायी दगड नको अडकायला."

मी खोडली. दुसरा इलाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते तीनच ओळी म्हणाले. थांब्यावर दोघे होते. त्यांनी मान हलविली आणि बसमध्ये चढले. पुढच्या बसचेही तसेच झाले. माणिकराव तोंड उघडत आणि मिटून घेत. मी समोरच्या पदपथावर होतो. इतक्या वर्षांत खरी प्रत केल्याची मला प्रथमच लाज वाटली.

त्याच दुपारी मी तीन ओळींची साक्षांकित प्रत दाखल केली. सोबत स्वतंत्र अर्ज जोडला : चौथी ओळ मूळ नाही, ती नवी आहे, तिचे कर्ते हयात आहेत, ती त्यांच्या नावानिशी दगडाच्या रिकाम्या भागावर कोरावी. पहिल्या तीन ओळी मंजूर झाल्या. चौथीवर शेरा आला, 'इतिहासाशी संबंध नाही.'

म्हणून शेरा लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांना मी येथे जाहीरपणे विचारतो : हा शेरा कोणत्या नियमाखाली लिहिला? उत्तर टपालाने नको. सकाळी आठ ते दहा या वेळात काचीगुड्याच्या थांब्यावर या, माणिकराव बिरादारांसमोर उभे राहा, आणि चारचौघांत मोठ्याने सांगा. त्यांनी गाव विचारले तर तेही सांगा. खुलासा लांबला तरी माझी हरकत नाही.