डिग्रीभाऊची पेन्सिल

त्या काळी मळवलीत डिग्रीवाला माणूस एकच होता आणि तो चौथी नापास होता. भिकाजी केदारी. पण या नावानं त्याला फक्त पोस्टमन ओळखायचा. बाकी सगळ्या गावाला तो डिग्रीभाऊ. कारण या माणसाला डावं-उजवं मान्यच नव्हतं. परगावच्या कोणी स्टेशनाबाहेर लेण्यांचा रस्ता विचारला, की हा खिशातून पितळी होकायंत्र काढायचा, तळहातावर धरून श्वास रोखायचा आणि सांगायचा, "दोनशे डिग्रीवर चला. चारशे पावलं. मग धा डिग्री कमी करा."

"अहो, पण डावीकडे की उजवीकडे?"

"कुनाचं उजवं? तुमचं का माजं? तुमी तोंड फिरवलं की उजवं बी फिरतं. डिग्री न्हाई फिरत."

पाहुणा चक्रावून माझ्याकडे यायचा. मी स्टेशनावर पार्सल क्लार्क होतो. मी त्याला गपचूप "डावीकडे" म्हणून सांगत असे आणि डिग्रीभाऊ लांबून माझ्याकडे असा बघत असे, की जणू मी रेल्वेचा रूळच विकून खाल्लाय.

तो माझा शेजारी. एका भिंतीपलीकडे तो आणि त्याची म्हातारी आई राहत. लग्न केलं नव्हतं. उमेदीची वर्षं त्यानं मुंबईत गोदीच्या कारखान्यात घालवली होती. जहाजांवरची यंत्रं दुरुस्तीला येत, ती उघडायची, पुसायची, तेल द्यायचं आणि परत बंद करायची. पुसता पुसता तो ती शिकला. मुंबई सोडून इकडे आल्यावर एका मुंबईकर गृहस्थांचा बंगला सांभाळायचं काम त्याला मिळालं. या मालकांना शिडाच्या बोटीचा षौक होता. खिंडीपलीकडे धरण होऊन पाणी साठलं, तशी त्यांनी तिथे एक बोट आणून ठेवली आणि तिच्यावर तीन यंत्रं बसवली. एक होकायंत्र, एक बोटीचा वेग सांगणारं आणि एक डोलकाठीच्या टोकावरचं, वारा कुठून येतो ते सांगणारं. तिन्ही तीन देशांची. मालक वर्षातून दोनदा यायचे. उरलेलं वर्ष ती यंत्रं आणि डिग्रीभाऊ एकमेकांकडे बघत बसायची.

"बाबू, ही तिगं एका बोटीत बसत्यात, पन एकमेकांशी बोलत न्हाईत," तो एकदा भिंतीवरून मला म्हणाला. आवाज असा, की मला वाटलं घरातलंच भांडण सांगतोय. "एकाचं एकाला कळाया पायजे."

हे त्याचं पालुपद. पुढची दोन वर्षं मी ते जेवताना, दाढी करताना, गाडीची घंटा होताना ऐकलं. एकाचं एकाला कळाया पायजे.

मग मुंबईच्या भंगारबाजारातून पेट्या यायला लागल्या. माझ्याच काउंटरवरून सुटायच्या, म्हणून मला सगळं ठाऊक. मोडक्या जहाजांतल्या छोट्या मोटारी, दात्यांची चाकं, तारांची भेंडोळी. त्यातल्या काही मोटारी जोडीच्या होत्या. एकीचा काटा जेवढा फिरवावा, तेवढाच तारेच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या दुसरीचा फिरे. त्यानं मला हे दाखवण्यासाठी एक मोटार आपल्या ओसरीवर ठेवली आणि दुसरी माझ्या स्वयंपाकघरात. मग तिकडून ओरडला, "नव्वद आलं का?" इकडे माझ्या बायकोनं आमटी ढवळता ढवळता सांगितलं, "आलं हो, नव्वद!" त्या दिवशी तो जेवला नाही, इतका खूश होता.

त्याला करायचं होतं ते असं. बोटीत एक लाकडी पाट. पाटावर धरणाचा नकाशा. नकाशावर एक पेन्सिल. होकायंत्रानं पेन्सिलीला दिशा सांगायची, वेगाच्या यंत्रानं अंतर सांगायचं, आणि वारा बोटीला आडवी किती सारतोय ते वरच्या यंत्रानं सांगायचं. बोट पाण्यावर जिकडे जाईल, तिकडे पेन्सिल कागदावर जाईल. काठ दिसो न दिसो, आपण कुठे आहोत ते पेन्सिल सांगेल.

पहिल्या चाचणीला त्यानं मला सोबत नेलं.

"मला बोटीतलं काय कळतं?"

"कळाया कशाला पायजे? तुमी वजनाला या. वाऱ्याच्या बाजूला बसायला भारी मानूस लागतो."

माझं वजन त्या वेळी कोणाच्या उपयोगी पडेल असं घरात कोणाला वाटत नव्हतं. मी अभिमानानं गेलो. बोट धरणात सरळ चालली आणि पेन्सिल मात्र काठ ओलांडून, शेतं ओलांडून तडक लोहगडावर चढली. डिग्रीभाऊनं तारा तपासल्या, बॅटऱ्या हलवल्या, मोटारी उघडल्या. दुपार झाली. शेवटी त्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं.

"बाबू, मांडीखाली काय हाय?"

माझी छत्री होती. लोखंडी काड्यांची. होकायंत्राला अगदी खेटून. तो रागावला नाही. छत्री दोन बोटांत धरून त्यानं काठावर नेऊन ठेवली आणि म्हणाला, "पेन्सिल खरं बोलत व्हती. तिला खोटं सांगनारं कोन, त्ये कळत नव्हतं."

त्यानंतरही वर्षभर चुका झाल्या, पण लोहगड सुटला. मग पेन्सिल काठावर अडखळायला लागली, आणि शेवटी अशी वेळ आली की निघालेल्या जागी परत आल्यावर कागदावरच्या रेघेची दोन्ही टोकं माझ्या करंगळीच्या नखाखाली झाकली जावीत.

तिसऱ्या वर्षीच्या श्रावणात एका रविवारी आम्ही बोट घेऊन पलीकडच्या काठावरच्या वाडीला गेलो होतो. चहा होईतो ढग डोंगरावरून उतरले. बाहेरच्या लोकांना वाटतं की धुकं असलं की वारा नसतो. आमच्याकडे धुकं, वारा आणि पाऊस एकत्रच येतात. स्वतःचा हात लांब केला तर बोटं दिसेनात. तेवढ्यात एक म्हातारी चिखलातून धावत आली. तिची सून कालपासून अडली होती आणि सुईणीनं हात टेकले होते. सरकारी दवाखाना आमच्या काठाला. काठाकाठानं जाणारा रस्ता ओढ्यानं खाल्लेला. वाडीतला होडीवाला तयार होईना.

"काठ दिसंना, मावशे. पान्यात जुनी झाडं हाईत. एक जरी लागलं तर समदे तळाला."

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पाणी चढलं तेव्हाची झाडं तशीच उभी राहिली होती, शेंडे पाण्याच्या जरा खाली.

डिग्रीभाऊनं माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच मला वजनापलीकडचं काम मिळालं. "बाबू, तुमी पेन्सिल वाचा. म्या सुकानू धरतो. तोंडानं बोलत ऱ्हावा."

सुनेला चादरीत गुंडाळून बोटीच्या तळाशी निजवलं. म्हातारी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. चार हातांवर वाडी गायब झाली, आणि मग जगात उरलं ते एवढंच: पाण्याचा आवाज, त्या पोरीचं कण्हणं, आणि मेणकापडाखाली सरकणारी पेन्सिल. नकाशावर त्यानं झाडं फुल्यांनी मांडली होती.

"फुली पुढं आहे," मी म्हणालो. "दोन बोटं."

"डिग्री सांगा!"

"तीनशे दहावर सरळ फुली!"

"वळतो. आता?"

"सुटली. उजवीकडे राहिली."

"कुनाचं उजवं?" तो धुक्यातून गरजला. त्या स्थितीतही.

किती वेळ गेला कोण जाणे. पेन्सिल धक्क्याच्या चौकटीला टेकली आणि मी म्हणालो, "भाऊ, इथं धक्का असायला हवा." समोर नुसतं पांढरं. त्यानं शीड सोडलं. मी तोंड उघडून काही म्हणणार, तोच बोटीचं नाक मऊ चिखलात घुसलं. वीस पावलांवर धक्क्याचा दगड होता.

दिवेलागणीच्या आत दवाखान्यात मुलगी झाली. आई सुखरूप. म्हातारी बाहेर आली ती कुंकवाची डबी घेऊनच. मला वाटलं डिग्रीभाऊला ओवाळणार. तिनं विचारलं, "ती पेन्सिल कुटं हाय?" आणि पावसात काठापर्यंत चालत जाऊन तिनं पेन्सिलीला कुंकू लावलं. डिग्रीभाऊ बाजूला ताठ उभा, सलामीला असावा तसा.

पुढे मालकांनी जहाजावर कप्तान राहिलेल्या आपल्या एका मित्राला ते यंत्र दाखवायला आणलं. कप्तानांनी अर्धा तास सगळं पाहिलं, टोपी काढून काखेत धरली आणि विचारलं, "केदारी, हे शिकलात कुठं?"

"पुसताना, सायेब."

मी त्या वेळी जवळच उभा होतो. माझी छाती त्याच्यापेक्षा दोन इंच जास्त फुगली होती, हे मी आजही नाकारणार नाही.

मला वाटलं, झालं. माणसानं मनात आणलं ते करून दाखवलं. पण त्या हिवाळ्यात, आरशासारख्या लख्ख सकाळी, त्यानं मला पुन्हा वजनाला बोलावलं. या वेळी बोटीत त्याची आई होती. नवं लुगडं, पायात वहाणा, हातानं बोटीची कड घट्ट धरलेली. चारी काठ स्वच्छ दिसत होते, तरी यानं पाटावर पेन्सिल लावली. कागद मात्र वेगळा होता. त्यावर पाण्याच्या ऐन मध्यात बारीक चौकोन काढले होते, त्यांच्यामधून बोळ, एक विहीर, एक देऊळ. मी विचारलं, "हे काय?"

"गाव," तो म्हणाला. "आमचं. धरनाचं पानी चढायच्या आदी दोरीनं मापून ठेवलं हुतं, घरागनिक."

इतकी वर्षं शेजारी राहून मला हे माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

पेन्सिल बोळातून हळूहळू सरकली, विहिरीशी वळली आणि एका चौकोनापाशी आली. त्यानं शीड उतरवलं. बोट थांबली. सगळीकडे सारखंच निळं पाणी.

"आये, आलो."

"कुटं?"

"आपल्या दारात."

म्हातारीनं खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग वाकून तिनं पायातल्या वहाणा काढल्या आणि बोटीच्या कडेला जोडीनं नीट लावून ठेवल्या. डिग्रीभाऊ पेन्सिलीकडे बघत होता. त्याचं नाक लाल झालं होतं. म्हातारीची नजर माझ्या बुटांवर गेली.

"बाबू, काडा की त्ये," ती म्हणाली. "घरात आलाय तुमी."

मी खाली बसून नाड्या सोडायला लागलो.