लांजेवार भाऊजींचे नारळ

आमच्या रिसालीत भूमिपूजनाला नारळ दोन ठेवतात. एक फोडायला, आणि एक लांजेवार भाऊजी घेऊन जातात म्हणून.

हसू नका. भिलाईच्या स्टील प्लांटमधून रिटायर झालेला, बायको गेलेला हा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून मांडवात पहिल्या खुर्चीवर बसतो. नेत्यानं नारळ हातात घेतला की उठून विचारतो, "साहेब, इथं हजेरी किती लागन?" म्हणजे रोज किती जणांना काम मिळणार. कमान असो, कारंजं असो, सेल्फीचा चौथरा असो, प्रश्न हाच. उत्तर आलं नाही, की "हजेरी नाही, तं नारळ नाही" म्हणायचं आणि नारळ पिशवीत टाकून चालायला लागायचं. म्हाताऱ्याशी ओढाताण कोण करणार? एकदा तर दोन्ही नेले. भटजींनी सुपारीवर भागवलं.

मीही आधी हसायची. आता संताप येतो, आणि तो भाऊजींचा नाही. त्यांच्या विनोदचं लेथचं वर्कशॉप होतं, इंडस्ट्रियल एरियात अगदी शेवटच्या शेडमध्ये. मशिनींचे सुटे भाग बनवायचा, चार पोट्टे हाताखाली. पण तिथवरची सडक! ट्रकवाले हात जोडायचे, "भैया, माल चौक तक ला दो, अंदर नहीं जाएँगे." सडकेसाठी बापलेकानं किती दारं पुजली. ज्याला भेटावं तो म्हणे, बजेट नाही. आणि तेव्हाच चौकात तिसरं कारंजं उभं राहिलं, रंगीत दिव्यांचं. शेडमधली लाईट दिवसदिवस जायची, कारंज्याची कधी जात नाही बरं का. विनोदनं लेथ विकली आणि गुजरातला गेला, दुसऱ्याच्या मशीनवर. मला सांगा, या भिलाईच्या पोरानं लोखंडाच्या कामासाठी परमुलखात जावं? घरात आधी चूल पेटवावी का दाराला तोरण बांधावं, एवढंही शहर चालवणाऱ्याला कळू नये?

परवा नव्या कमानीचं भूमिपूजन होतं. नेताजी या वेळी तयारीनं आलेले. भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काका, शहर सुंदर दिखेगा, तभी तो इन्वेस्टर आएगा."

"येऊ द्या ना," भाऊजी म्हणाले. "त्याचा ट्रक कोणत्या सडकेनं जाईन?"

लोक हसले. कोणीतरी डीजेचा आवाज वाढवला. नारळ पिशवीत गेला.

त्याच संध्याकाळी माझ्याकडे पूजेला नारळ कमी पडला. म्हटलं, भाऊजींकडे ढीग असेल. मागितला, तर म्हणतात, दुकानातून आणून देतो, हे नाही भेटणार. मी आधीच तापलेली. "कावून? लोणचं घालता का त्यायचं?"

भाऊजींनी आतल्या खोलीचं दार उघडलं. विनोदची खोली. पलंगावर धुतलेली चादर, आणि पलंगाखाली भिंतीशी ओळीनं नारळ.

"पोरगा दुरून घरी आला, का उंबऱ्यावर नारळ ओवाळून फोडतेत ना वहिनी. त्याची माय असती, तं तिनं आणून ठेवला असता." मग चादरीची सुरकुती सरळ करत म्हणाले, "दरवेळी मले वाटते, या खेपेला सडकेचंच असंन. म्हणून इस्त्री करून जातो."

मी एक नारळ उचलून कानाशी हलवला. पाणी केव्हाच आटलेलं, आत नुसता गोटा खडखडला. भाऊजींनी तो हळूच माझ्या हातातून घेतला, बाहीनं पुसला, होता तिथं ठेवला.

"आजचा ओला हाय," म्हणाले. "थो पुढं ठेवतो."