बाबरसरांची तुरटी

बाबरसरांना घरात शिंक आली की ते नाक दाबून, अनवाणी, अंगण ओलांडून थेट रस्त्यावर जात. तिथल्या कडुनिंबाखाली उभे राहून शिंकत. आणखी एक येते की काय याची वाट पाहत, आणि खात्री पटली की पावलांचा आवाज न करता परत घरात शिरत. नव्या माणसाला वाटे, घरात कुणी तरी आजारी झोपलेलं आहे. आजारी कुणी नव्हतं. घरात स्फटिक वाढत होते.

सांगलीला आमच्या कॉलेजाच्या मागे शिक्षकांसाठी एक बैठी चाळ होती. तिच्यात सरांची आणि माझी भिंत एक. ते फिजिक्स शिकवीत, मी इतिहास. लढाई चालू होती ती वर्षं. सरांच्या घरात भांडी तीन आणि बरण्या एकवीस. प्रत्येक बरणीत तुरटीचं नाही तर मोरचुदाचं दाट पाणी, आणि त्यात टांगेवाल्याच्या घोड्याच्या शेपटीचा एक केस सोडलेला. केसाच्या टोकाला स्फटिकाचं बी, बाजरीच्या दाण्याएवढं. पाणी हळूहळू आटायचं आणि ते बी वाढायचं. मात्र हादरा चालत नसे.

"हादरा बसला की पाण्यात शंभर बारकी पोरं जल्माला येत्यात, अप्पा," सर मला समजावत. "आन् थोरल्याच्या तोंडचा घास जातो."

गडी म्हसवडच्या पलीकडचा. एम. एस्सी. मुंबईला पहिल्या वर्गात झालेला. वर्गात इंग्रजी असं बोलायचे की मुलं माना खाली घालून लिहीत राहायची. पण वर्गाबाहेर पाऊल टाकलं की म्हसवड सुरू. लग्न केलं नव्हतं. का, असं विचारलं तर उत्तर तयार असे. "लगीन झालं की भांडी आली. भांडी आली की आपटली."

आमच्या भांड्यांचा आणि त्यांच्या बरण्यांचा तंटा पहिल्याच महिन्यात झाला. माझी बायको सुशीला उखळात मिरच्या कुटत होती. सर दारात येऊन हात जोडून उभे.

"वैनी, मिरच्या मंगळवारी कुटत जावा."

"का हो भाऊजी? मंगळवार मिरच्यांचा वार आहे का?"

"मंगळवारी मी बरण्यांचं पानी बदलतो. त्या दिवशी भूकंप झाला तरी चालंल."

सुशीला पदराआड हसली, पण कबूल झाली. तिचं पाहून सबंध चाळ मंगळवारीच कुटू लागली. त्यामुळे मंगळवारी चाळीत मिरच्यांची अशी काही धूळ उडे की सरांचा निम्मा दिवस कडुनिंबाखाली शिंकण्यात जाई. आणि पाणी बदलायचं राहूनच जाई.

एवढं करून हे स्फटिक कशासाठी, असं मी एकदा विचारलं. मला वाटलं होतं, दोन वाक्यांत सुटेन. सरांनी मला पाटावर बसवलं.

"ह्या खड्याच्या आत कण कसं उभं हाईत, ठावं हाय? पलटणीवानी. रांगेत. आमचा थोरला हवालदार हाय, त्येला दाखवला तर म्हणंल, रांगंचं ड्रेसिंग फस्क्लास. आता ह्येला येका टोकाला ऊब दिली, तर काय व्हतं? पयला कण हलतो, दुसऱ्याला ढकलतो, दुसरा तिसऱ्याला. पर ह्यो हादरा पान्यावानी सलग वाहत न्हाई. मापानं जातो. ऊर्जा म्हंजे दूध न्हाई, वाटंल तेवढी धार सोडायला. ती गुळाची ढेप हाय. अख्खी ढेप घ्या, न्हाईतर रिकामं घरला जावा."

"अर्धी ढेप?"

"निसर्ग फोडून देत न्हाई, अप्पा. तिथंच तर सगळं आडलंय."

आणखी एक त्यांचं लाडकं म्हणणं होतं, बघितलं की बदलतं. अणूच्या पोटात काय चाललंय ते बघायला गेलं की बघण्यानंच त्यात बदल होतो, असं काहीसं. मला उमजेना. तेव्हा ते म्हणाले, "आवं, गावात काय चाललंय ते बघायला फौजदार येतो. त्यो आला की जे चाललं व्हतं ते चालतंय व्हय?" त्या बेचाळीसनंतरच्या दिवसांत हे उदाहरण आमच्या भागात कुणालाही समजलं असतं. मलासुद्धा समजलं.

लढाईमुळे परदेशी रसायनं येईनाशी झाली होती. सर तुरटीसाठी बाजारातल्या अत्तारांवर अवलंबून होते. काष्ठौषधांच्या त्या दुकानातून ते पिशवी भरून खडे आणत, ते विरघळवत, गाळत, परत जमवत. चौदा महिन्यांनी त्यांच्या एका बरणीत मोठ्या आवळ्याएवढा एक स्फटिक तयार झाला. आठ पैलू, सगळे सारखे. आत एक रेघ नाही, एक बुडबुडा नाही. उजेडाला धरला की हातात पाण्याचा थेंब गोठून बसल्यासारखा दिसे. सरांनी तो मला दाखवला तेव्हा त्यांनी नवं धोतर नेसलेलं होतं.

आता माझी गोष्ट. ती सांगायची नसती तर मी हे लिहायलाच बसलो नसतो.

त्या आषाढात सरांचा भाऊ पलटणीतून रजेवर आला. सरांना गावी जायचं होतं आणि चाळीतल्या त्यांच्या घराची कौलं गळत होती. बरण्या त्यांनी खाटेखाली सारल्या. पण तो मोठा स्फटिक कापसात गुंडाळून, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून माझ्याकडे दिला.

"कपाटावर ठेवा. आन् उघडून बघायचं न्हाई."

"बघितलं की बदलतं," मी म्हणालो. सर खूश होऊन गेले.

चार दिवसांत कृष्णेला पूर आला. नळाला जे येत होतं त्याला पाणी म्हणायचं, एवढंच. विटकरी रंगाचा गाळ. आमच्या शकूला, पाच वर्षांची होती ती, हगवण लागली. डॉक्टर म्हणाले, पाणी निवळून, उकळून द्या. घरातली तुरटी संपलेली. मी छत्री घेऊन अत्तारांकडे गेलो. दुकानदार चाचा हात हलवत म्हणाले, "तुरटी कुठली, मास्तर? लढाईत आधीच माल येत न्हाई, आन् जो आला तो सगळा तुमच्या शेजाऱ्यानं नेला."

घरी आलो. सुशीला शकूला मांडीवर घेऊन बसली होती. पाण्याने भरलेला हंडा समोर होता आणि त्यात आपला चेहराही दिसत नव्हता. मला त्या बरण्या आठवायला हव्या होत्या. भिंतीपलीकडे पाच-सहा बरण्यांत तुरटीच होती, आणि किल्ली आमच्याच खुंटीवर होती. पण घाबरलेल्या माणसाला जवळचं दिसतं. मला कपाट दिसलं.

सुशीला म्हणाली, "अहो, भाऊजींचं आहे ते."

"चार फेरे फक्त," मी म्हणालो.

चार फेरे कसले. पाणी निवळायला लागलं तसा माझा हात थांबेना. आणि ते एकाच हंड्यापुरतं राहिलं नाही. पूर ओसरेपर्यंत आठवडाभर रोज सकाळी दोन हंडे. शकू बरी झाली. आठव्या दिवशी मी तो स्फटिक पुसला, कापसात ठेवला. आता तो वापरलेल्या साबणाच्या वडीसारखा दिसत होता.

सर आले. त्यांनी डबा उघडला. मग खिशातून भिंग काढून त्यांनी तो खडा सगळ्या बाजूंनी पाहिला.

"अप्पा, ह्ये काय झालं?"

आणि मी, जो रोज वर्गात सांगतो की खोटा पुरावा हा इतिहासातला सर्वांत मोठा गुन्हा, मी म्हणालो, "हवा फार दमट होती हो, सर. विरघळला असेल."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग हंड्याकडे. मग चटईवर भातुकली मांडून बसलेल्या शकूकडे. म्हणाले, "आसंल. हवेचं काय सांगावं. तुमच्या सांगलीची हवाच रडकी."

दुसऱ्या दिवशी पाचच्या ठोक्याला ते एक फळी घेऊन आमच्या दारात. फळीवर दोन तापमापक. एकाच्या बुडाला ओलं फडकं गुंडाळलेलं आणि खाली पाण्याची कुपी. हवा किती दमट ते या दोघांमधल्या फरकावरून कळतं म्हणे. सरांनी ती फळी आमच्या बाहेरच्या खोलीतल्या खुंटीला टांगली.

"रोज मोजमाप घ्यावं लागंल. ह्याच खोलीत. जिथं झीज झाली तिथंच."

मी खुंटी पक्की आहे ना, ते चाचपून पाहू लागलो.

सुशीला त्या उपकरणाला 'भाऊजींचं तापकरी पोर' म्हणायची, कपाळावर ओली पट्टी ठेवल्यासारखं दिसे म्हणून. तिनं मला पहिल्याच आठवड्यात सुनावलं, "सांगून टाका. बिचारे तुमच्या खोट्याचा पारा मोजताहेत." मी म्हणालो, उद्या सांगतो. उद्या सर आले, आकडे वाचले, लांबट वहीत पेन्सिलीनं लिहिले. मग चहा आला. मग शकू त्यांच्या मांडीवर चढली आणि पारा किती ते ओरडून सांगू लागली. सांगायचं राहिलं. असे पाच महिने गेले. रविवार नाही, दिवाळी नाही. पाच वाजले की सर हजर. मोजमापाला दोन मिनिटं लागत, पण त्यांना उठायला सात वाजत. मी प्रत्येक घोटाला मनात म्हणत असे, हा सज्जन माणूस माझ्या एका वाक्यापायी आयुष्य वाया घालवतो आहे.

मार्गशीर्षात ते एक पत्र नाचवत आले. पुण्याला पदार्थविज्ञानाच्या मोठमोठ्या मंडळींची बैठक होती आणि तीत सरांना निबंध वाचायला बोलावलं होतं.

"कशावर?" मी विचारलं.

"तुरटीवरच की. दुसरं काय हाय आपल्यापाशी?"

मी समजलो. दमट हवेत तुरटीची झीज. वर पाच महिन्यांचे आकडे. भर सभेत कुणी तरी उठून विचारणार, आणि सरांचं हसं होणार. म्हसवडकडच्या एका शेतकऱ्याच्या मुलाला अशी संधी किती वेळा मिळते? मी ती हंड्यात विरघळवली होती.

निघायच्या दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबर टांग्यातून मिरज स्टेशनला गेलो. रस्ताभर शब्द जुळवले. गाडी फलाटाला लागली, सरांनी ट्रंक आत ठेवली, खिडकीशी बसले. तेव्हा कुठे मी गज धरून म्हणालो, "सर, तो निबंध वाचू नका. तुमचा स्फटिक हवेनं नाही झिजला. मी झिजवला. हंड्यात फिरवला. शकू आजारी होती."

माझ्या डोळ्यांत पाणी होतं. सर शांतपणे कोटाच्या खिशात तिकीट चाचपत होते.

"ठावं हाय की."

"काय?"

"आवं अप्पा, तुरटी दमट हवेनं कशाला विरघळंल? कोरड्या हवेत तिच्यावर पांढरा बुरा चढतो, एवढंच. ह्ये पयल्या वर्साचं पोरगंबी सांगंल. आन् कोपरं कसं झिजलं व्हतं! सगळं येकाच अंगानं, गोल. पान्यात फिरवल्याबिगर आसं व्हतंय व्हय? भिंग लावायची गरज न्हवती. उगं लावलं, तुमाला वाईट वाटू नये म्हनून."

"मग निबंध?"

त्यांनी कागद खिडकीतून दाखवले. गणितच गणित, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर. कणांची रांग, हादरे, मापं. आकडा हवेचा एकही नव्हता.

"खडा गेला, मंग गणितच पुरं केलं. खड्याच्या नादात त्ये दोन साल मागं पडलं व्हतं."

"पण मग पाच महिने रोज आमच्याकडे मोजमाप..."

गार्डानं शिट्टी दिली. सर एकदम ट्रंकेकडे वळले आणि ती उगाच उघडून त्यातली लांबट वही काढली.

"ही वैनींना द्या. पुण्यात हिचा उपेग न्हाई." मग, गाडी हलल्यावर, दुसरीकडे पाहत म्हणाले, "शकूला म्हणावं, ओल्या फडक्याला पानी घालत जा."

परतीच्या टांग्यात मी वही उघडली. सरांची नेटकी लिपी. पानावर चार रकाने आखलेले. तारीख, कोरडा, ओला, शेरा. आकडे सगळे जागच्या जागी होते. मी शेरे वाचू लागलो.

'शकूच्या अंगात ताप नाही.'

'थालीपीठ. वर लोणी.'

'अप्पा आज सांगणार होते. शकू मध्ये आली. राहिले.'

'वहिनींनी बुधवारी मिरच्या कुटल्या. हरकत नाही.'

'अप्पांनी पुन्हा घसा खाकरला. मीच विषय बदलला. सांगून टाकले तर येण्यास कारण उरणार नाही.'

आणि दिवाळीतल्या एका पानावर: 'यांच्या घरात शिंकलो. बाहेर जाण्याचे ध्यानात राहिले नाही. कोणी दचकले नाही. शकू शतंजीव म्हणाली.'

टांगेवाल्यानं मागे वळून विचारलं, "मास्तर, डोळ्यात धुरळा गेला का?" मी हो म्हणालो. हेही खोटंच, पण याचं ओझं मला नाही.

त्या दिवशी पाच वाजले. कुपी कोरडी पडली होती. शकूनं स्टुलावर चढून तीत पाणी ओतलं. मी पारा वाचला, वहीत तारीख घातली, दोन्ही आकडे लिहिले. शेऱ्याच्या रकान्याशी येऊन पेन्सिल थांबली. इतकी वर्षं इतिहास शिकवून मला एक वाक्य सुचेना.

सुशीलेनं माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि तिच्या बाळबोध अक्षरात लिहिलं: 'भाऊजी आले नाहीत. थालीपीठ उरले.'