एक, दोन, अडीच, पावणेतीन

आवाज असावा तर माझ्यासारखा! मी स्वयंपाकघरातून हाक मारली की आमचा कुत्रा पलीकडच्या मक्याच्या शेतातून परत येतो. शेजाऱ्यांचाही येतो. एकदा तर शेजारीच आले होते. त्यामुळे त्या शनिवारी लोर्नाबाईंचा घसा बसला आणि "आज टॉवरमधून कोण बोलणार?" असा प्रश्न निघाला, तेव्हा माझा हात माझ्याआधीच वर गेला.

आमच्या इंडियानात काही घरं शनिवारी तळ्यावर जातात, काही मॉलमध्ये. आमचं घर क्वार्टर मिजेटच्या ट्रॅकवर जातं. क्वार्टर मिजेट म्हणजे खरीखुरी रेसची गाडी, फक्त जेवणाच्या टेबलाखाली मावेल एवढी. आत आठ वर्षांचं पोर, वर लोखंडी पिंजरा, मागे भाजी फोडणीला टाकल्यासारखं तडतडणारं इंजिन. सगळी वळणं डावीकडे. फेरी दहा सेकंदांची. आणि या दहा सेकंदांसाठी घरातल्या प्रत्येकाला कामाला जुंपलेलं! माझा नवरा, वेड, गाडी ढकलून चालू करतो. सासरे दुसऱ्या वळणावर पहारा देतात, शिवाय खाण्याच्या स्टॉलवर त्यांची राजमा-खिम्याची चिली असतेच. दोन वर्षांचा ओटिस नट-बोल्टचे पाने लपवतो. आणि गाडी चालवते आमची हॅटी.

म्हणजे, चालवते आणि थांबवते.

हॅटीचा स्वभाव आमच्या गावासारखाच, भारी भिडस्त. मागून कुणी जवळ आलं की ती ब्रेक दाबून बाजूला होते. जणू म्हणते, "या ना, आधी तुम्ही." पाय ब्रेकवरच राहतो, मग इंजिन बंद पडतं, वेड धावत जातो, ढकलतो, आणि पुन्हा पहिल्यापासून. नवशिक्यांच्या गाडीच्या मागे पिवळ्या पट्टीची मोठी फुली चिकटवलेली असते. ती काढायची तर तीन शर्यती एकदाही न थांबता पुऱ्या कराव्या लागतात. मे महिन्यापासून हॅटीच्या झाल्या होत्या दोन. आज मोसमातला शेवटचा शनिवार. आज जमलं नाही तर पुढच्या वसंतात पुन्हा ती फुली, पुन्हा तो नवशिक्यांचा गट, आणि आजूबाजूला पाच-पाच वर्षांची पिल्लं. तिच्या बरोबरीच्या दोघी तर जूनमध्येच वरच्या गटात गेल्या होत्या.

सकाळी तिनं मला विचारलं होतं, "आई, ही फुली काढल्यावर डाग राहतो का गं?"

काय सांगणार? म्हटलं, "घासून काढू."

तर, टॉवर. नाव टॉवर, खरं तर लाकडी खोली, चार खांबांवर. जिना असा की चढताना आपल्या वजनाचा हिशेब आठवावा. आत फेऱ्या मोजायचं यंत्र, एक पंखा आणि एक मायक्रोफोन. या मायक्रोफोनमध्ये बोललं की ते थेट मुलांच्या हेल्मेटमध्ये ऐकू येतं. गाड्या ढकलणाऱ्या बाबांच्या आणि वळणांवरच्या पहारेकऱ्यांच्या कानांतही. त्यांना उलट बोलता मात्र येत नाही. सगळ्यांनी ऐकायचं आणि कुणी उलट बोलायचं नाही! अशी सोय माझ्या घरात असती तर!

लोर्नाबाई तीस वर्षं त्या खुर्चीत बसत आल्यात. बसलेल्या घशानं त्या मला म्हणाल्या, "नेल, पाचच वाक्यं आहेत. कार्डावर लिहिलीत. बटण दाबायचं, बोलायचं, सोडायचं. टॉवरनं सांगितलं की ऐकायचं, हे मुलांना पहिल्याच दिवशी शिकवलेलं असतं. तेव्हा सांभाळून."

"अहो लोर्नाबाई, दोन मुलांची आई आहे मी! बोलणं हाच माझा धंदा."

"आणि हा?" त्यांनी माझ्या कडेवरच्या ओटिसकडे बोट दाखवलं. ओटिसच्या हातात द्राक्षाच्या जॅमचं सँडविच होतं. म्हणजे निम्मं हातात, उरलेलं कोपरापर्यंत.

"हा? हा तर देवमाणूस आहे!"

लोर्नाबाई मधाचा चहा आणायला खाली गेल्या. मी खिडकीतून पाहिलं. सहा गाड्या रांगेत, हॅटी शेवटी. वेडनं तिचं हेल्मेट थोपटलं. झेंड्याच्या मचाणावर डेल हॉस्टेटलर उभा. हा माणूस इतका शिस्तीचा की चर्चमध्येसुद्धा झेंडा दाखवल्याशिवाय उठायचा नाही. मी बटण दाबलं आणि रेशमी आवाजात म्हणाले, "मुलांनो, हिरवा झेंडा. वीस फेऱ्या. शाब्बास!"

अगदी झकास. बटण सोडलं. म्हणजे मी सोडलं. बटणानं मला सोडलं नाही. कारण त्यावर आदल्याच मिनिटाला ओटिसनं आपला जॅमचा अंगठा उमटवला होता.

हे मला कळलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

तिसऱ्या फेरीत ओटिस खुर्चीवर चढला.

"ए, हळू! हळू! पडशील!"

ट्रॅकवर सहाही गाड्या हळू झाल्या. मला वाटलं, वा, काय समजूतदार मुलं! मचाणावर डेल हातातल्या हिरव्या झेंड्याकडे पाहायला लागला. उलटा तर धरला नाही ना?

सहाव्या फेरीत ओटिसनं पेन्सिलचं रबर तोंडात घातलं.

"थुंक! आधी तोंडातलं थुंक ते!"

कॉर्बिन नावाच्या मुलाच्या गाडीतून गुलाबी काहीतरी उडून गवतात पडलं. (नंतर त्याची आई माझे हात धरून म्हणाली, "नेल, वर्षभर सांगतेय गं त्याला, शर्यतीत च्युइंग गम नको म्हणून!")

मग ओटिसला भूक लागली. पिशवीत सासऱ्यांनी प्रेमानं दिलेला चिलीचा डबा होता. ओटिसनं एक घास घेतला आणि चेहरा असा केला, जसा मी मनातल्या मनात करते.

"नको ना? असू दे रे सोन्या," मी त्याच्या कानात म्हणाले. "आजोबांना सांगायचं नाही हं. आईपण गुपचूप कुत्र्यालाच घालते."

दुसऱ्या वळणावर सासऱ्यांनी मान वळवली आणि थेट टॉवरकडे पाहिलं. मी हात हलवला. त्यांनी नाही हलवला.

इकडे वेड मात्र दोन्ही हात डोक्यावर नेऊन माझ्याकडे बघत जोरजोरात हलवायला लागला. अकरा वर्षांच्या संसारात एवढं प्रेम! चारचौघांत! मीही दोन्ही हात हलवले. एक चुंबनही सोडलं. त्यानं कपाळावर हात मारला आणि जिन्याकडे धावत सुटला.

बाराव्या फेरीत माझं लक्ष गेलं: दार उघडं, आणि ओटिस थेट जिन्याच्या तोंडाशी! मग आली माझी हाक. तीच ती, कुत्रा परत आणणारी.

"थांब! आहेस तिथेच थांब!"

पाच गाड्या जागच्या जागी थांबल्या.

"आता मागे फिर आणि इकडे ये. लगेच! मी तीन मोजेपर्यंत! एक..."

पाच हेल्मेटं टॉवरकडे वळली.

"दोन..."

पाचही गाड्या वाकड्यातिकड्या, गवतातून, मक्याचं एक ताट आडवं करत टॉवरच्या दिशेनं निघाल्या.

"अडीच... पावणेतीन..."

ओटिसला मी खांद्याशी धरलं आणि हुश्श करत खिडकीतून पाहिलं, तर खिडकीखाली पाच गाड्या एका ओळीत, शाळेत मुख्याध्यापिकेच्या खोलीबाहेर उभ्या केल्यासारख्या. पहिल्या नंबरावर असलेल्या पेझलीनं हेल्मेटची काच वर केली होती आणि ती हुंदके देत म्हणत होती, "मी काहीच केलं नाही! खरंच काही नाही केलं!"

त्याच क्षणी वेड आणि लोर्नाबाई दोघंही धापा टाकत वर पोचले. लोर्नाबाईंनी चहा टेबलावर ठेवला, बटणाखाली नख घातलं आणि टचकन ते उचललं. जॅमची जांभळी तार निघाली.

"सगळं ऐकू गेलं?" मी विचारलं.

"चुंबनाचा आवाजसुद्धा," वेड म्हणाला.

आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की कुठलंतरी एक इंजिन अजून तडतडतंय.

हॅटी! रिकाम्या ट्रॅकवर, एकटी, मान पुढे काढून, फेरीवर फेरी मारत होती. डेलनं शेवटच्या फेरीचा पांढरा झेंडा दाखवला, मग शर्यत संपल्याचा चौकड्यांचा. तिनं रेषा ओलांडली आणि वेगानं पुढे गेली. मे महिन्यापासून जिला "थांबू नकोस" म्हणून मी विनवत होते, ती पोरगी मी जिवाच्या आकांतानं "थांब" ओरडले तरी थांबली नव्हती!

मी जिना उतरले तो खाली गर्दी. पेझलीचे बाबा ब्रेंट लाल झाले होते. "माझी पोरगी पुढे होती! आईनं माईकवर बसायचं आणि मुलीनं जिंकायचं, झकास आहे!"

डेलनं शांतपणे विचारलं, "माझ्या हातात कोणता झेंडा होता, ब्रेंट?"

"हिरवा होता, पण..."

"मग एकीनंच झेंडा बघितला."

"अहो, एकटीनं फिरायला काय लागतं? मागे गाडी असताना न थांबता दाखव म्हणावं!"

मला संताप आला. त्याहून वाईट म्हणजे, ते खरं होतं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात खालून आवाज आला, "मी परत चालवते."

हॅटी. हेल्मेट काखेत, केस घामानं चिकटलेले. "शर्यत सगळ्यांची परत घ्या. माझी पण."

"अगं, तुझी झाली ना!" मी म्हणाले. "डेलकाका म्हणतायत..."

"आई," ती म्हणाली, "फुली निघाली आणि कुणी म्हणालं की उगाच निघाली, तर तो डाग घासून नाही निघणार."

यावर डेलनं टोपी सारखी केली आणि ब्रेंटनं बूट पाहिले.

दुसऱ्या वेळी टॉवरमध्ये लोर्नाबाईच बसल्या आणि घोगऱ्या आवाजात का होईना, पाच वाक्यं बोलल्या. मला कुंपणाबाहेर उभं केलं. शेजारी सासरे येऊन उभे राहिले. दुसऱ्या वळणावर त्यांनी कुणाला तरी उभं केलं होतं. माझ्या हातात त्यांनी चिलीचा काठोकाठ भरलेला वाडगा ठेवला.

"खा, पोरी."

"बाबा, ते मघाशी मी..."

"कुत्रा घरी आहे. तू खा. तोंड भरलेलं असलं की बरं."

मी खाल्ली. काय सांगू, त्या वीस फेऱ्या म्हणजे वीस घास. चौदाव्या फेरीत कॉर्बिन हॅटीच्या मागे इतका चिकटला की दोन गाड्यांमध्ये पोळी जाणार नाही. तिचं डोकं किंचित बाजूला कललं. ते मी ओळखते. आता "या ना, आधी तुम्ही"! मला ओरडायचं होतं, पण तोंडात राजमा! सासऱ्यांनी कुंपणाची जाळी मुठीत घट्ट धरली. वळण आलं. इंजिनचा आवाज खाली येईल, आत्ता येईल...

आला नाही. कॉर्बिनला बाहेरून जावं लागलं, आणि तो गेलाही. हॅटी मात्र आपली रेष धरून, तडतडत, सहामध्ये चौथी आली. पेझली पहिली. आणि हॅटी एकदाही न थांबता!

डेल मचाणावरून खाली उतरला, गुडघ्यावर बसला आणि फुलीचं एक टोक धरून त्यानं ती एका दमात ओढली. चर्रर्र! ब्रेंटनं सगळ्यांत आधी टाळी वाजवली. मी रडत होते. सासऱ्यांना वाटलं चिली तिखट झाली. ते खूश झाले.

(डाग राहिला. हॅटी तो घासू देत नाही.)

परतताना ट्रकमध्ये ओटिस झोपला होता आणि सगळ्यांच्या अंगाला जळक्या रबराचा वास येत होता. मी मागे वळून विचारलं, "हॅटी, पहिल्या शर्यतीत मी थांब म्हटलं. तुला ऐकू आलं नाही?"

"आलं की."

"मग? ते पाचही जण थांबले. मी तीन मोजत होते!"

"त्यांना काय माहीत?" बटाट्याचे वेफर्स खात ती म्हणाली. "तू तीन कधी म्हणतच नाहीस, आई. अडीच म्हणतेस, पावणेतीन म्हणतेस, मग बाबाला हाक मारतेस."

वेड गाडी चालवत होता. त्याचे खांदे हलत होते. रस्ता खराब असावा.

हे मला लागलं. ओटिसच्या झोपेत चोरलेल्या वेळात हे लिहितेय, आणि आज सकाळचंच सांगते. मोजे जिन्यात, दप्तर दारात, हॅटी सोफ्यावर. मी ठरवलं. कमरेवर हात ठेवले.

"एक! दोन! अडीच! पावणेतीन!" आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, "तीन!"

हॅटीनं पुस्तक खाली केलं. वेड दाढी करता करता अर्ध्या गालानं बाहेर आला. कुत्रा उठून बसला. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आणि मी त्यांच्याकडे. कारण तीन झाल्यावर काय करायचं असतं, ते मलाही माहीत नव्हतं.